माझं विठ्ठलाचं चित्र टीशर्टवर विकतायत – हक्क नक्की कोणाचा? चित्रकार, वकील, छापवाले सगळ्यांनी या

दौतटाक

नमस्कार मंडळी, धागा जरा लांबलाय, चहा घेऊन बसा.

मी फ्रीलान्स इलस्ट्रेटर, पुण्यात असते. काही वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ केलं होतं. विठ्ठल, पण नेहमीसारखा समोरून नाही, पाठमोरा, चंद्रभागेकडे तोंड करून उभा, आणि पितांबराच्या चुण्यांमधून वारीची रांग चाललीय, बारीक बारीक टाळकरी, डोक्यावर तुळस घेतलेली एक बाई, आणि सगळ्यात मागे एक कुत्रं. कुत्र्याचा डावा कान काळा आणि त्यावर एक पांढरा ठिपका. हे कुत्रं लक्षात ठेवा.

यंदा आषाढीच्या तोंडावर मैत्रिणीने लिंक पाठवली. एका ऑनलाइन विक्रेत्याकडे तेच चित्र टीशर्टवर. खालच्या कोपऱ्यातली माझी सही कापलेली, निळे रंग भगव्याकडे नेलेले आणि चित्र आरशासारखं उलटं केलेलं. म्हणजे कुत्र्याचा आता उजवा कान काळा, ठिपका मात्र जागच्या जागी! मी टीशर्ट विकत घेतला, घरी आल्यावर भिंगाखाली बघितलं, टाळकऱ्यांची संख्यासुद्धा तेवढीच.

विक्रेत्याला मेसेज केला तर म्हणे "आम्ही अंकवाल्यांकडून घेतलंय". अंकवाल्यांना फोन केला तर ते म्हणतात "मानधन दिलं होतं ना ताई, मग चित्र आमचंच". माझ्याकडे तेव्हाचा मेल आहे, त्यात मी "यंदाच्या अंकाच्या मुखपृष्ठासाठी, एकदा छापायला" असं लिहिलंय आणि त्यांनी "ओके, पाठवा" म्हणून उत्तर दिलंय. रजिस्ट्रेशन वगैरे काही केलेलं नाही.

आता सांगा, ह्यात माझी बाजू किती भक्कम आहे आणि पुढे काय करू?

खवचट_आजोबा

पैसे घेतलेत ना? मग झालं की. मी गिरगावात कॅलेंडरवाल्यांची कामं केलीत, तेव्हा एकदा रक्कम हातावर टेकवली की चित्र त्यांचं, ओरिजिनलसुद्धा परत मिळायचं नाही, कुठल्यातरी गोडाऊनमध्ये वाळवी खायची. आणि विठ्ठल काय तुमच्या मालकीचा आहे होय? अठ्ठावीस युगं उभा आहे तो, त्याने अजून कोणाकडे रॉयल्टी मागितली नाही.

रेघोट्या

आजोबा 😂😂 पण ताई, हे फार कॉमन झालंय. आमच्या कॉलेजच्या ग्रुपमध्ये दर आषाढीला कोणाचं ना कोणाचं चित्र कापलेल्या सहीसकट फिरत असतं. कवितांचं तर विचारूच नका, खाली "कवी – अनामिक" लिहिलं की झालं, कवी जिवंत असून फेसबुकवर बोंबलत असतो.

काळाकोट

वकिली करतो, ह्याच विषयात बरीच कामं असतात म्हणून सविस्तर लिहितो. हा सल्ला नाही, माहिती आहे, तुमचे कागद बघितल्याशिवाय कोणी छातीठोक सांगत असेल तर त्याच्यापासून लांब राहा.

आधी आजोबांचा विठ्ठल. विठ्ठल कोणाचाच नाही हे बरोबर. कल्पनेला कॉपीराईट नसतो, ती कल्पना ज्या रूपात मांडली त्या रूपाला असतो. सुप्रीम कोर्टाने हे १९७८ च्या आर. जी. आनंद निकालात नीट मांडून ठेवलंय, आजही तोच निकाल सगळे दाखवतात. तेव्हा उद्या दुसऱ्या कोणी स्वतःच्या हाताने पाठमोरा विठ्ठल काढला तर दौतटाकताई काही करू शकत नाहीत. पण त्या चुण्या, ती रांग, तो ठिपकेवाला कान हे सगळं तस्संच उचललं तर तो विठ्ठल राहत नाही, ते ताईंचं चित्र होतं. चित्र उलटं करून सुटका होत नाही.

आता मुख्य दुखणं. आपल्याकडे सगळ्यांची समजूत की मी काढलं म्हणजे माझं. कॉपीराईट कायदा १९५७, कलम १७ काढा. सुरुवात गोड आहे, निर्माता हाच पहिला मालक. लगेच खाली अपवाद येतात. त्यातला (ब) म्हणतो की पैसे घेऊन कोणाच्या सांगण्यावरून फोटो काढला, पेंटिंग किंवा पोर्ट्रेट केलं, तर उलट करार नसेल तेव्हा पहिला मालक काम सांगणारा! म्हणजे काहीच बोलणं झालेलं नसेल तर आजोबांचे कॅलेंडरवाले फार चूक नव्हते. शिल्प आणि साधं ड्रॉइंग ह्यांची नावं त्या यादीत नाहीत, त्यामुळे मुखपृष्ठाच्या डिजिटल चित्राला नक्की काय म्हणायचं ह्यावर समोरचा वकील आणि मी दोन तास भांडू शकतो आणि दोघंही फी घेऊ.

त्याच कलमाचा (अ) मासिक-वर्तमानपत्रांबद्दल आहे, पण तो पगारी नोकरांसाठी, ताई फ्रीलान्स आहेत म्हणून इथे लागू नाही.

पण "उलट करार नसेल तेव्हा" हे शब्द सोन्याचे आहेत. ताईंचा तो मेल म्हणजे उलट करार झाल्याचा पुरावा. "एकदा छापायला", समोरून "ओके". ह्यावर उभं राहता येतं.

दौतटाक

बापरे, १७(ब) मला माहीतच नव्हतं. पण समजा माझ्याकडून हक्क लिहून घेतलेच असते, तर?

काळाकोट

हक्क देऊन टाकायचे, ज्याला आम्ही असाइनमेंट म्हणतो, तर ते लेखी आणि तुमच्या सहीनेच व्हावं लागतं, कलम १९. तोंडी "घ्या वापरा" म्हणून मालकी जात नाही. त्या कागदात मुदत लिहिली नसेल तर पाचच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. आणि घेणाऱ्याने वर्षभर ते हक्क वापरलेच नाहीत तर, कागदात वेगळं म्हटलं नसेल तर, ते परत तुमच्याकडे येतात. म्हणूनच मोठ्या कंपन्यांच्या छापील फॉर्मवर "कायमस्वरूपी, जगभर, आज असलेल्या आणि पुढे निघणाऱ्या सर्व माध्यमांत" असं लांबलचक असतं. ते वाक्य दिसलं की पेन खाली ठेवा आणि दर तिप्पट सांगा.

हक्क देऊनही एक गोष्ट हातात राहते. कलम ५७, तुमचं नाव लागण्याचा हक्क आणि नावाला बट्टा लागेल अशी मोडतोड थांबवण्याचा. अमरनाथ सेहगल हे शिल्पकार होते, दिल्लीच्या विज्ञान भवनात त्यांचं प्रचंड ब्रॉन्झ म्यूरल होतं, सरकारनेच करून घेतलेलं. १९७९ मध्ये ते उखडून गोदामात टाकलं, तुकडे झाले, काही गहाळ. माणूस कोर्टात गेला आणि २००५ मध्ये दिल्ली हायकोर्टाने म्यूरलचे अवशेष परत करा आणि पाच लाख भरपाई द्या म्हणून निकाल दिला. कॉपीराईट सरकारकडे असूनही! वेळ किती लागला तेही बघा अर्थात.

छापवाला

इचलकरंजीत माझं टीशर्ट छपाईचं युनिट आहे, आधी स्क्रीन होतं, आता डीटीएफ (आधी फिल्मवर छापून मग कापडावर उतरवायचं मशीन) पण टाकलंय. ह्या धाग्यावर आम्हाला चोर म्हणायच्या आधी आमची बाजू पण ऐका राव.

आषाढीच्या आधीचा महिना कसा असतो सांगतो. तिरुपूरहून कोऱ्या मालाचे गठ्ठे आलेले, दिंड्यांच्या ऑर्डरी, मंडळांच्या ऑर्डरी, प्रत्येकाला परवा पाहिजे. गिऱ्हाईक व्हॉट्सॲपवर एक जेपीजी टाकतो, "हे छापा". कुठून आणलं विचारलं तर "पिंटरेस्ट", नाहीतर "मावशीने पाठवलं". त्या चित्रावर सही नाही, नाव नाही, काही नाही. मी कोणाला विचारू? आणि मी नाही म्हटलं तर शेजारचा छापतो, ऑर्डर गेली. मला खरंच पैसे द्यायचे असले तरी द्यायचे कोणाला?

बुट्टीवाली

छापवाले भाऊ, सही नाही कारण कोणीतरी कापली, आपोआप गळून नाही पडली ती.

काळाकोट

छापवाल्यांचा प्रश्न प्रामाणिक आहे म्हणून त्यालाही उत्तर. छापणाऱ्याला खरोखरच ठाऊक नव्हतं आणि संशय यायलाही कारण नव्हतं हे त्याने सिद्ध केलं तर कलम ५५ प्रमाणे त्याच्याकडून नुकसानभरपाई मिळत नाही. छपाई थांबवण्याचा हुकूम मात्र मिळतो आणि त्यातून झालेला नफाही पूर्ण किंवा काही अंशी द्यावा लागू शकतो. फौजदारी कलम ६३ ला जाणूनबुजून केलेलं असावं लागतं. तेव्हा गिऱ्हाइकाकडून एक ओळ लिहून घ्या, "ह्या चित्राच्या परवानगीची जबाबदारी माझी". ढाल म्हणून ती फार जाड नाही, पण मेसेज लिहिताना गिऱ्हाईक जरा विचार करतो. आणि गूगल लेन्सवर चित्र टाकून बघायला मिनिटही लागत नाही, बऱ्याचदा चित्रकाराचं पेज समोर येतं. कोर्टात "माहीत नव्हतं" म्हणताना हा प्रश्न विचारला जाणारच.

सहीवरून आठवलं. त्याच कलम ५५ मध्ये असंही आहे की चित्र केलं तेव्हा त्यावर ज्याचं नाव होतं तोच निर्माता असं कोर्ट गृहीत धरतं, उलटं सिद्ध करायची जबाबदारी समोरच्यावर. म्हणून सही चित्राच्या आत घाला, कोपऱ्यात नको. चुणीत, पायरीवर, पताकेवर, जिथून कापली तर चित्र फाटेल अशी. शिवाय २०१२ च्या दुरुस्तीत ६५ब कलम आलंय, मालकीची माहिती मुद्दाम काढून टाकणं हाच वेगळा गुन्हा, दोन वर्षांपर्यंत कैद. सही कापण्याला ते लावता येतं असा युक्तिवाद मी तरी नक्की करेन.

रेघोट्या

मला सरांनी सांगितलेलं की चित्राची प्रिंट काढून स्वतःच्याच पत्त्यावर रजिस्टर्ड पोस्टाने पाठवायची आणि पाकीट न फोडता ठेवायचं, तारखेचा शिक्का म्हणजे फुकटात कॉपीराईट. आमच्या अर्ध्या वर्गाच्या घरी अशी पाकिटं आहेत.

काळाकोट

पोस्टखात्याचं भलं होतंय, होऊ दे. ह्या पाकिटाने हक्क "मिळत" नाही, कारण तो चित्र काढल्याक्षणी मिळालेलाच असतो, भारतात रजिस्ट्रेशन सक्तीचं नाही. आणि पुरावा म्हणाल तर उघडं पाकीट आधी पाठवून नंतर आत काहीही भरता येतं, हे न्यायाधीशांनाही कळतं. त्यापेक्षा लेयर असलेली मूळ फाईल, प्रोक्रिएटचा (चित्र काढायच्या ॲपचा) टाइमलॅप्स, पेन्सिलची कच्ची स्केचेस, गिऱ्हाइकाला पाठवलेले मेल हे शंभर पटीने भारी. हे सगळं इलेक्ट्रॉनिक असल्याने कोर्टात देताना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडावं लागतं, तो तुमच्या वकिलाचा भाग. तुम्ही फक्त फायली उडवू नका आणि फोन बदलताना चॅट पुसू नका.

रजिस्ट्रेशन करायचंच असेल तर ऑनलाइन होतं, चित्रासाठी ५०० रुपये फी, अर्ज भरला की डायरी नंबर मिळतो, मग ३० दिवस कोणाची हरकत येते का बघतात. फायदा एवढाच की रजिस्टरमधली नोंद प्रथमदर्शनी पुरावा धरली जाते. पण चित्र लोगो-पॅकिंगसारखं मालावर वापरायचं असेल तर फी २०००, आणि ट्रेडमार्क ऑफिसकडून असं चिन्ह आधी कोणाचं नाही असा शोध दाखला लागतो. खूप जण तिथेच अडकतात.

न्यूजर्सीची_मावशी

इथून लिहितेय. दौतटाक, विक्रेता अमेरिकन साईटवरही असेल तर डीएमसीए नोटीस दे, म्हणजे इथल्या कॉपीराईट कायद्याखाली मजकूर उतरवायची तक्रार, फॉर्म त्यांच्याच साईटवर असतो, वकील लागत नाही. माझ्या भाचीच्या डिझाईन्स अशाच उचलल्या होत्या, काही दिवसांत लिस्टिंग उतरलं. बर्न ह्या आंतरराष्ट्रीय कॉपीराईट करारामुळे भारतात काढलेल्या चित्राला इथेही संरक्षण आहे आणि परदेशी चित्रासाठी दावा लावण्याआधी इथलं रजिस्ट्रेशन लागत नाही. पण ते ठरावीक मोठाले डॉलर भरपाईचे आकडे बातम्यांत वाचतेस ना, ते आधी रजिस्टर केलेल्यांनाच मिळतात. फोटो टाक की टीशर्टचा!

संपादक मंडळ

विक्रेत्याचं किंवा अंकाचं नाव, लिंक, स्क्रीनशॉट कृपया टाकू नयेत. चर्चा छान चाललीय, अशीच राहू द्या. खवचट आजोबा, तुमचा एक प्रतिसाद उडवलाय, कारण तुम्हाला माहीत आहे.

बुट्टीवाली

माझा वेगळा प्रश्न. येवल्याला सासर, घरी माग आहेत, मी पदरासाठी नवीन मोटिफ काढते. मोर-पोपट-कमळ परंपरेतलेच, ते सगळ्यांचे, पण मध्यंतरी मी जायकवाडीच्या पाण्यावर उतरणारे फ्लेमिंगो रांगेत बसवून एक पदर केला. इन्स्टावर टाकला आणि महिन्याभरात पॉवरलूमवर पॉलिस्टरमध्ये तोच पदर! पैठणीला जीआय (भौगोलिक मानांकन) आहे ना, मग हे कसं चालतं?

काळाकोट

जीआय नावाचं रक्षण करतं. तो माल "पैठणी" म्हणून विकला तर जीआयवाले पकडू शकतात. "पैठणी स्टाईल सिल्क" लिहून तुमचे फ्लेमिंगो विकले तर जीआय तिथे फारसं उपयोगी नाही, तुम्हाला डिझाईन कायदा पाहिजे, २००० सालचा. नोंदणी केली की दहा वर्षं, वाढवून अजून पाच. पण अट अशी की डिझाईन आधी कुठेही जाहीर झालेलं नसावं. इन्स्टावर टाकलं म्हणजे जाहीर झालं! म्हणून आधी अर्ज, मग रील.

आणि कॉपीराईटवर विसंबून राहू नका. कलम १५(२) म्हणतं की डिझाईन म्हणून नोंदवता येईल असं काम तुम्ही नोंदवलं नाही आणि यंत्रावर पन्नासहून जास्त नग काढले की त्यातला कॉपीराईट संपला. हातमागाला "औद्योगिक प्रक्रिया" म्हणायचं का हा वेगळा वाद आहे, पण वादात पडायचंच कशाला. चित्र आणि डिझाईन ह्यांच्यातली रेघ कुठे ओढायची ह्यावर सुप्रीम कोर्टाने एप्रिल २०२५ मध्ये इनॉक्स-क्रायोगॅसच्या खटल्यात कसोटी सांगितलीय, ती गॅसच्या टँकरच्या ड्रॉइंगवरून आली पण उद्या साडीच्या पदराला लागेल. दौतटाकताईंचं चित्र आधी चित्र म्हणूनच जन्मलं, त्यामुळे त्यांची गोष्ट वेगळी.

तारपा

जीआयचा विषय निघालाच आहे तर डहाणूकडून थोडं. वारली चित्रांना जीआय आहे, आदिवासी युवा सेवा संघाने अर्ज करून मिळवलंय. तरी हॉटेलच्या भिंती, बिस्किटाचे डबे, कुडते सगळीकडे वारली, काढणारा मुंबईतला डिझायनर, आणि त्याला विचारलं तर "लोककला आहे, सगळ्यांची आहे". लोककला सगळ्यांची असते मग पैसे फक्त तुम्हालाच का मिळतात भाऊ? जिव्या सोमा म्हसेंना २०११ ला पद्मश्री मिळाली, तेव्हा तरी लोकांना कळलं की ह्या चित्रांना माणसं असतात, त्यांना नावं असतात. त्यांची चित्रं ही त्यांचीच, त्यांचा कॉपीराईट साधा सरळ इतर चित्रकारांसारखाच. लग्नाचा चौक, तारपा नाच, त्रिकोणांची माणसं ही भाषा समाजाची. दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि शहरातले लोक सोयीप्रमाणे कधी ही तर कधी ती धरतात.

मांडवीकर

+१ तारपा. कोल्हापुरी चपलांचं तेच झालं की. २०२५ च्या जूनमध्ये प्राडा ह्या इटालियन फॅशन कंपनीने मिलानच्या शोमध्ये चपला घालून मॉडेल फिरवले, कोल्हापूरचं नावच नाही. बोंब झाल्यावर मान्य केलं. मुंबई हायकोर्टात जनहित याचिका गेली ती जुलैत फेटाळली, का तर जीआय ज्यांच्या नावावर आहे त्यांनी यावं, तुम्ही कोण? जीआय २०१९ पासून महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या दोन चर्मोद्योग महामंडळांच्या नावावर आहे, चपला शिवणाऱ्याच्या नाही.

आमच्या गोव्यात व्यंगचित्रकार मारियो मिरांडांची चित्रं बघा, कॉफीचे मग, फरशा, मॅग्नेट, बारची भिंत, अर्धी परवानगीची आणि अर्धी कोणत्या पेंटरने बघून रंगवलेली देव जाणे. पर्यटकाला वाटतं ती गोव्याची पारंपरिक चित्रं आहेत. मारियो २०११ मध्ये गेले, म्हणजे २०७१ संपेपर्यंत ती कोणाच्यातरी हक्काचीच.

खवचट_आजोबा

हे साठ वर्षांचं गणित जरा उलगडून सांगा. माझ्याकडे दलाल आणि मुळगावकरांच्या मुखपृष्ठांचा ढीग आहे, नातू म्हणतो स्कॅन करून प्रिंट विकू, जुनी आहेत, फुकट आहेत.

काळाकोट

चित्रकार गेल्याच्या पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून साठ वर्षं. दीनानाथ दलाल १९७१ मध्ये गेले, म्हणजे २०३१ अखेर. रघुवीर मुळगावकर १९७६, म्हणजे २०३६ अखेर. चित्र १९५० चं आहे म्हणून सुटत नाही, आणि हक्क कुटुंबाकडे आहे की प्रकाशकाकडे हा पुढचा प्रश्न, मुदत तीच. नातवाला सांगा स्कॅन करून घरात लावायला हरकत नाही, दुकान काढू नको. अगदीच हौस असेल तर राजा रविवर्मा घ्या, ते १९०६ मध्ये गेले, ती चित्रं आता सगळ्यांची.

खवचट_आजोबा

रविवर्म्याने तर स्वतःचा छापखानाच काढला होता, १८९४ ला मुंबईत, नंतर मळवलीला नेला आणि शेवटी जर्मन माणसाला विकला. चित्रकाराने छपाईत पडू नये हे तेव्हाच ठरलं. नातवाला सांगतो. दलालांच्या घरच्यांना शोधून रीतसर विचारतो झालं.

रेघोट्या

एआयबद्दल कोणी बोलत नाहीये. माझ्या स्टाईलमध्ये कोणीतरी प्रॉम्प्ट मारून विठ्ठल काढले तर? एआयने फोटो घिबली कार्टूनसारखे करायचा ट्रेंड आला तेव्हा सगळ्या नातेवाईकांचे डोळे मोठे झाले, चित्रकारांच्या पोटाचं कोणी बघितलं नाही.

काळाकोट

स्टाईलला कॉपीराईट नाही, माणसाने उचलली तरी नाही, मशीनने उचलली तरी नाही. चित्रं न विचारता ट्रेनिंगला वापरणं हा खरा वाद आणि भारतात त्यावर ठाम निकाल अजून नाही, २०२४ मध्ये एएनआय वृत्तसंस्थेने चॅटजीपीटीवाल्या ओपनएआयवर दिल्ली हायकोर्टात दावा लावलाय तो बातम्यांच्या मजकुराबद्दल. तोवर शिकागो विद्यापीठाच्या मंडळींनी ग्लेझ म्हणून एक फुकट प्रोग्रॅम केलाय, चित्रावर डोळ्याला फार न जाणवणारा थर देतो, मशीनला शैली नीट शिकता येत नाही. रामबाण नाही, पण टाकून ठेवायला काय हरकत.

दौतटाक

सगळ्यांना मनापासून धन्स. काळाकोट, पुढची पायरी सांगा ना, पोलीस की कोर्ट?

काळाकोट

आधी लिस्टिंग उतरवा. २०१३ च्या कॉपीराईट नियमांत ७५ वा नियम आहे, त्याप्रमाणे साईटला लेखी तक्रार केली की ३६ तासांत मजकूर खाली घ्यायचा असतो, २१ दिवसांसाठी. पण त्याच तक्रारीत तुम्हाला लिहून द्यावं लागतं की मी दावा दाखल करून २१ दिवसांत कोर्टाचा आदेश आणेन, नाही आणला तर ते परत चढवू शकतात. बऱ्याच मोठ्या साईट्सचा स्वतःचा साधा फॉर्म असतो, तिथे हे बंधन नसतं, तो आधी वापरा.

त्याआधी लिंकसकट स्क्रीनशॉट, तारीख दिसेल असा. टीशर्ट घेतलाय ते उत्तम, बिल आणि पार्सलवरचं लेबल फेकू नका, पाठवणाऱ्याचा पत्ता त्यावरच असतो.

पोलिसांत जाता येतं. कलम ६३ ला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख दंड आहे, आणि सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये निट प्रोच्या निकालात तो दखलपात्र गुन्हा आहे हे स्पष्ट केलंय, म्हणजे एफआयआर घेता येतो. प्रत्यक्षात चौकीत "चित्राची चोरी म्हणजे घरातून नेलं का?" हा प्रश्न पहिला येतो. निकालाची प्रत खिशात ठेवा.

कोर्ट म्हणाल तर विक्रेता सुरतचा असो नाहीतर दिल्लीचा, कलम ६२ मुळे तुम्ही राहता त्या पुण्यातच जिल्हा न्यायालयात दावा लावता येतो. चित्रकारांसाठी ही फार मोठी सोय आहे आणि कोणाला माहीत नसते. धमक्या मात्र देत सुटू नका, बिनबुडाच्या धमकीवर समोरचाच तुमच्यावर कलम ६० खाली जाऊ शकतो. शांत भाषेत नोटीस, अंकवाल्यांना वेगळी, विक्रेत्याला वेगळी, दोघांनाही तो मेल जोडून. माझा अंदाज, अंकवाले मेल बघून विक्रेत्यावर ढकलतील आणि विक्रेता अंकवाल्यांवर, तेव्हा दोघांचं लेखी उत्तर तुमच्या हातात येईल.

बुट्टीवाली

आणि पुढच्या कामांसाठी काय लिहून घ्यायचं? करार म्हटलं की गिऱ्हाईक घाबरतं.

दौतटाक

ह्याचं मी सांगते, कारण मी करार हा शब्दच काढत नाही. दर पाठवते त्याच मेसेजमध्ये खाली चिकटवते आणि समोरून "ओके" आल्याशिवाय स्केच सुरू करत नाही:

"चित्र अमुक अंकाच्या मुखपृष्ठासाठी, एका आवृत्तीपुरतं, छापील आणि त्याच अंकाच्या जाहिरातीपुरतं डिजिटल. कॉपीराईट आणि मूळ फाईल चित्रकाराकडे. कॅलेंडर, कपडे, मग, पोस्टर किंवा दुसऱ्या कोणाला वापरायला देणं ह्याला वेगळी परवानगी आणि वेगळा दर. चित्राबरोबर नाव छापावं. अर्धी रक्कम आधी."

आजवर एकच जण पळाला आणि तो अर्धी रक्कम वाचून पळाला.

काळाकोट

छान आहे. "इतर कशासाठीही" अशी एक मोकळी ओळ जोडा, यादीत जे नसेल तेच नेमकं छापतात. परवानगी म्हणजे लायसन्स, तेही कलम ३० प्रमाणे लेखी हवं, मेल चालतो असं मी मानून चालतो.

छापवाला

दौतटाकताई, सरळ विचारतो. पुढच्या आषाढीला तुमचंच चित्र रीतसर घ्यायचं म्हटलं तर? एकरकमी मला झेपणार नाही, कारण किती खपेल माहीत नसतं. नगामागे काहीतरी ठरवू, छापील नगांचा हिशोब दाखवतो, नाव कॉलरच्या आत छापतो.

दौतटाक

नगामागे चालेल भाऊ, पण नाव कॉलरच्या आत नाही, चित्रात जिथे आहे तिथेच. आणि निळा निळाच राहील.

छापवाला

निळा पॉलिस्टरवर मरतो, कॉटन घ्यावं लागेल, मग दर वाढतो. मेल करतो.

खवचट_आजोबा

आमच्या वेळी असा छापवाला भेटला असता तर माझा दादरला ब्लॉक असता.

दौतटाक

अपडेट: साईटच्या फॉर्मवरून तक्रार केली, लिस्टिंग उतरलं. तीन दिवसांनी दुसऱ्या दुकानाच्या नावाने परत चढलं, चित्र पुन्हा सुलटं केलेलं आणि कुत्रं पुसलेलं! म्हणजे कुणीतरी हा धागा वाचतंय. तोही टीशर्ट मागवला, पार्सलवरचा परतीचा पत्ता मात्र तोच निघाला. काळाकोटांना मेल केलाय, दोन्ही पार्सलची लेबलं जोडून नोटीस तयार होतेय. कुत्रं पुसलं तिथे तुळसवाल्या बाईच्या पदराचा कोपरा पण गेलाय, आणि मूळ फाईलमध्ये ती दोघं एकाच लेयरवर आहेत, हे त्यांना कुठून कळणार.